अठ्ठावीस नंबरची तार

आमच्या घणसोलीच्या सोसायटीतल्या बायकांना एवढंच माहीत आहे, की मी रबाळ्याला कंपनीत होते आणि कंपनी गेल्यावर खारघरला 'एका दुकानात' जायचे. दुकान कसलं, हे मी कधी सांगितलं नाही. कुणी विचारलंच तर 'इलेक्ट्रिकचं' म्हणायचे, आणि ते अगदीच खोटं नव्हतं. पण सोसायटीच्या दिवाळी अंकासाठी नोकरीवर लिहा म्हणून अंक काढणाऱ्या सुनीताबाईंनी पाठच धरली आहे, तर सांगून टाकते. मी दोन वर्षं व्हेपच्या दुकानात कॉईल बनवत होते. व्हेप म्हणजे ती बॅटरीवरची सिगरेट. तेव्हा तिच्यावर बंदी नव्हती. आता आहे, आणि ती आली याचं मला दुःख नाही. हे आधीच सांगितलेलं बरं, नाहीतर सोसायटीच्या पुढच्या मीटिंगमध्ये माझाच विषय निघायचा.

त्याआधी सत्तावीस वर्षं मी रबाळ्याला इस्त्रीच्या आत जी तार असते ती गुंडाळली. अभ्रकाच्या पट्टीवर नायक्रोमची तार, वेढ्याला वेढा लागू न देता. आमच्या लाइनीत चौदा बायका होत्या. सुरुवातीला वेढे मोजावे लागतात, मग चार-पाच वर्षांनी हातच मोजायला लागतो आणि तोंड गप्पा मारायला मोकळं होतं. माझा ट्रे तपासणीला गेला की इन्स्पेक्टर वरचे दोन नग मीटरवर बघायचा आणि बाकीच्यांवर तशीच सही करायचा. "शालनताईंचा माल, काय बघायचं त्यात," असं तो सगळ्यांसमोर म्हणायचा. मला त्याचा फार गर्व होता. तो कसा उतरला, ते पुढे येईलच.

कंपनी गुजरातेत गेली. सहा महिने घरी बसले आणि तेवढ्यात घरातले सगळे डबे मी तीन-तीनदा घासले. आमचे हे म्हणाले, "तुझ्या हाताला कुठेतरी काम लाव. परवा मी जेवत होतो तर तू ताट ओढलंस." अशात आमच्या जुन्या स्टोअरकीपरच्या ओळखीने निलेश घरी आला. निलेश नावड्याचा. तिशीचा, गळ्यात सोन्याची साखळी, पण बोलायला अगदी साधा. त्यांच्या जमिनी शहरासाठी गेल्या, बदल्यात प्लॉट मिळाला, आणि त्यातून खारघरमधला एक गाळा त्याच्या वाट्याला आला होता.

"मावशी, तुमाला तार गुंडालता येतं असं ऐकलंय," तो म्हणाला. "मना तसाच मानूस पायजे. मी बनवलेली कॉईल दोन दिसांत जलते. गिऱ्हाइकां शिव्या देतान."

त्याने खिशातून एक कॉईल काढून माझ्या तळहातावर ठेवली. मी वीत-वीत लांब पट्ट्या गुंडाळलेली बाई. ही करंगळीच्या नखाएवढी! मी चष्मा लावून बघितलं. वेढे एकावर एक चढलेले, मधेच फट, टोक वाकडं. म्हटलं, "ही तू केलीस?"

"हाय ना."

"मग शिव्या बरोबरच देतात."

दुसऱ्या दिवसापासून मी जायला लागले. यांनी थोडी कुरकुर केली, "सिगरेटच्या दुकानात?" म्हणून. मी म्हटलं, सिगरेट बघणारे बघतील, मी हीटर बनवते.

आणि खरंच तो हीटरच असतो. ज्यांनी ते यंत्र पाहिलेलं नाही त्यांच्यासाठी सांगते. एका बारीक स्क्रू-ड्रायव्हरच्या दांडीवर तार गुंडाळायची, स्प्रिंगसारखी. दोन टोकं दोन स्क्रूंखाली कसायची. मग त्या स्प्रिंगच्या पोटातून कापसाची वात ओवायची, परकरात नाडी ओवतात तशी. ही वात खालचा ज्यूस, म्हणजे त्यात भरतात तो वासाचा पातळ द्राव, शोषून घेते. बटण दाबलं की तार तापते, ज्यूसची वाफ होते आणि माणूस ती ओढतो. कापूस घट्ट झाला तर ज्यूस पोचत नाही आणि कोरडा कापूस जळतो. सैल झाला तर गळतं. तार जास्त तापली तर काही विचारूच नका. जळक्या कापसाचा घोट घशात बसला की डोळ्यांत पाणी येतं. मी एकदा नुसता वास घेतला होता, तर दिवाळीत फुलबाजीवर परकर धरल्यासारखा वास आला.

हे सगळं मला तीन मिनिटांत जमायचं. पोरं मोबाइलवर वेळ लावून बघायची.

गिऱ्हाइकांच्या दोन जाती होत्या. एक, पैसे टाकून 'मावशी, बनवून द्या' म्हणणारी. दुसरी, घरी स्वतः बनवणारी. दुसऱ्या जातीचे लोक दुकानात येऊन पहिल्या जातीकडे असं बघायचे, जसं घरी लोणचं घालणारी बाई बाटलीतलं लोणचं घेणारीकडे बघते. त्यांच्यातले एक बँकेतले साहेब होते. दर शनिवारी यायचे, तीन तारांची वेणी घालून त्यावर चौथी तार गुंडाळलेली कॉईल दाखवायचे. रात्रंदिवस खपून केलेली. दिसायला अगदी नथीसारखा दागिना. पण चालायची नाही. मग हळूच म्हणायचे, "मावशी, आजच्यापुरती तुमची साधी एक टाकून द्या." मी टाकून द्यायचे आणि त्यांची वेणीवाली कौतुकाने काचेच्या कपाटात ठेवायचे. एक आर्किटेक्ट मुलगी होती, ती स्वतःच बनवायची, पण स्क्रू कसायच्या आधी मला दाखवायला यायची. पैसे देणार नाही म्हणायची, कारण 'बनवली मीच'. चहा मात्र प्यायची.

माझं मत विचाराल तर तेव्हा मी सरळ सांगायचे, की ज्याचं काम त्याने करावं. साडी नेसता येते म्हणून कुणी साडी विणायला बसत नाही. अडीअडचणीला पैसे फेकावेत आणि हात जाणत्याकडे सोपवावा.

एक सल आहे, तीही इथेच सांगते. कॉलेजची पोरंही यायची. "मावशी, डबल कॉईल मारा ना, धूर मोठा पायजे." त्यातल्या कित्येकांनी जन्मात सिगरेट ओढलेली नव्हती. धूर सोडायला मजा येते म्हणून आलेली. निलेश ओळखपत्र बघायचा, अठरा पूर्ण नसेल त्याला दाराबाहेर काढायचा, हे खरं. पण अठरा पूर्ण झालेलं पोरही पोरच असतं. माझे हात मात्र कुणाचीही कॉईल तितक्याच मन लावून करायचे. चांगलं काम केल्याचं समाधान आणि ते कशासाठी केलं याची लाज, दोन्ही मी एकाच पिशवीत घालून संध्याकाळी घरी यायचे.

पण पेठे साहेबांच्या बाबतीत मला लाज नव्हती.

ते पहिल्यांदा आले तेव्हा दारात चप्पल काढावी की नाही या विचारात बराच वेळ उभे होते. पासष्टीचे, इस्त्रीचा शर्ट, खिशाला दोन पेनं. ठाण्याच्या एका इंजिनिअरिंग कंपनीत ड्रॉइंग ऑफिसमध्ये नोकरी केलेली. आता हात थरथरायचा. डाव्या पायात पट्टीची सैल चप्पल होती. मला म्हणाले, "बाई, तुम्ही कॉईल करता म्हणून तुम्हालाच सांगतो. हे बघा." आणि त्यांनी पाय पुढे केला. करंगळीशेजारचं बोट काळंनिळं झालं होतं.

"पायाला रक्त पोचत नाही," ते म्हणाले. "चाळीस वर्षं सिगरेट ओढली त्याचं फळ. डॉक्टर म्हणतात, तंबाखू पूर्ण सुटली तर हे बोट वाचेल. नाहीतर कापायचं. आणि एकदा कापायला लागलं की ते एका बोटावर थांबत नाही."

"आणि डॉक्टरांनी तुम्हाला हे ओढायला सांगितलं?"

"छे! चिडले. हेही नकोच म्हणाले. पण मी आत्तापर्यंत अकरा वेळा सिगरेट सोडली आहे, बाई. जित्याची खोड. आता ज्यूसमधलं निकोटीन थोडं थोडं उतरवत शून्यावर आणतो, असा करार केलाय त्यांच्याशी. तीन महिने दिलेत त्यांनी."

आमच्या दुकानासमोर, रस्त्यापलीकडे पानटपरी होती. पेठे साहेब बोलताना तिच्याकडे पाठ करून उभे राहायचे. मला हिशोब सरळ दिसत होता. कॉईल नीट चालली तर हा माणूस तिकडे जाणार नाही. कॉईल जळली, घशाला चटका बसला, की सरळ टपरी. म्हणजे त्या बोटाच्या आणि टपरीच्या मधे मी गुंडाळलेले नऊ वेढे. सत्तावीस वर्षांत मी लाखांनी पट्ट्या केल्या असतील, पण एखाद्या नगावर कुणाचं बोट लटकलंय असं कधी झालं नव्हतं. त्यांची कॉईल मी इतरांपेक्षा सावकाश करायचे, साडेतीन मिनिटं लावून.

महिनाभर बरं चाललं. मग एका सोमवारी ते खाली मान घालून आले. रविवारी दुकान बंद, आणि नेमकी तेव्हाच कॉईल जळली. दोन सिगरेटी ओढल्या होत्या. "हिला नाही सांगितलं. तुम्हाला सांगतोय," म्हणाले. मग म्हणाले, "मला शिकवा बाई. तुम्ही काय रविवारी माझ्या घरी येणार नाही."

निलेशला ते फारसं रुचलं नाही. "मावशी, सगल्यांना शिकवलं तर मंग दुकानात कोन येल?" मी म्हटलं, "अरे, त्यांचा हात बघितलास का? शिकतायत कुठले." हे मी निलेशला समजवायला म्हटलं, पण माझंही मत तेच होतं.

शिकवायला मी वाईट आहे, हे कबूल करते. समोरचा चुकायला लागला की मला राहवत नाही, मी त्याच्या हातातून काम ओढून घेते. पेठे साहेबांच्या हातातून दहा वेळा ओढलं असेल. शेवटी ते शांतपणे म्हणाले, "बाई, तुम्ही प्रत्येक वेळी बरोबर करून दाखवता, आणि मी प्रत्येक वेळी तिथल्या तिथेच राहतो." तेव्हापासून मी शिकवताना दोन्ही हात पदराखाली ठेवायचे.

त्यांना एक कॉईल करायला पाऊण तास लागायचा. तार सुटायची, वेढा वेढ्यावर चढायचा, टोक तुटायचं. पुन्हा पहिल्यापासून. झाली की ते काउंटरवरच्या छोट्या मीटरवर, म्हणजे तार विजेला किती अडवते ते सांगणाऱ्या डबीवर, लावायचे आणि वहीत आकडा लिहायचे. काय सुंदर अक्षर! नऊ वेढे, एक पॉइंट दोन ओहम. त्या मीटरकडे मी दीड वर्षात ढुंकूनही पाहिलं नव्हतं, बिलांवर वजन म्हणून ठेवायचे. मी त्यांना चिडवायचे, "साहेब, वहिनींनी केलेली पोळीही परीघ मोजून खाता का?" ते हसायचे आणि आकडा लिहायचे. पुढे त्यांनी स्वतःचाही एक मीटर घेतला.

मग नागपूरचं निघालं. त्यांची मुलगी तिकडे, बाळंतपण जवळ आलेलं. दोघांना दोन-अडीच महिने राहायला जायचं होतं. तिथे ओळखीचं दुकान नाही, आणि तेच डॉक्टरांच्या मुदतीचे शेवटचे आठवडे. मी म्हटलं, "साहेब, प्रयोग आता पुरे. मी तुम्हाला वीस कॉईल करून देते. एक गेली की दुसरी बसवायची, दोन स्क्रू कसायचे, संपलं." वहिनी बरोबर होत्या, त्यांनी हातच जोडले. साहेबांनी नुसती मान हलवली.

नेमकं त्या आठवड्यात परदेशी तारेचं रीळ संपलं. निलेशचा माल कुठेतरी अडकलेला. मी म्हटलं, त्यात काय एवढं, रबाळ्याला आपल्या ओळखीचं तारेचं दुकान आहे. अठ्ठावीस नंबरची नायक्रोम हवी तेवढी. जाऊन घेऊन आले. जुने कामगार भेटले, चहा झाला, बरं वाटलं. दुसऱ्या दिवशी बसून वीस कॉईल केल्या, नऊ-नऊ वेढ्यांच्या, मोत्याच्या दाण्यांसारख्या एकसारख्या. तार बोटाला जरा ताठ लागत होती. मी म्हटलं, नवीन रीळ आहे. संध्याकाळी साहेब त्या घेऊन गेले. त्याच तारेची त्या दिवशी आणखी दोघांना करून दिली.

पुढच्या सकाळी मी शटरचं कुलूप काढत होते तर पेठे साहेब पायरीवर उभे. दुपारची त्यांची गाडी. हातात वही.

"बाई, वीसच्या वीस पॉइंट नऊच्या आसपास येतायत. आपली एक पॉइंट दोन येते."

"तुमचा मीटर बिघडला असेल."

"मी जुनी कॉईल लावून बघितली. ती बरोबर दाखवतोय."

मला राग आला. खोटं कशाला सांगू, चांगलाच आला. म्हटलं, "साहेब, तुम्हाला तार हातात धरून महिना झाला. मी सत्तावीस वर्षं हेच केलंय. माझा माल कंपनीत कुणी तपासत नव्हतं."

 त्यांनी पिशवीतून एक लाकडी डबी काढली. त्यात त्यांचं ड्रॉइंग ऑफिसच्या काळातलं मायक्रोमीटर होतं, केसाची जाडी मोजणारं. दुकानातल्या जुन्या तारेचा एक तुकडा त्यात धरला, मग माझ्या नव्या तारेचा. दोन्ही आकडे वहीत लिहिले आणि वही माझ्याकडे फिरवली. नवी तार जाड होती. फार नाही, पण नक्की जाड.

मग मला उलगडा झाला. आपल्याकडे कारखान्यांत तारेचे नंबर जुन्या विलायती पद्धतीचे. परदेशी रिळांवर असतात ते अमेरिकन. नंबर तोच, अठ्ठावीस. जाडी वेगळी. आपला अठ्ठावीस त्यांच्यापेक्षा जाड. आणि तार जाड झाली की तिच्यातून वीज जास्त जाते, जाड पाइपातून पाणी जावं तशी. त्यांच्या साध्या यंत्रात ती कॉईल दीडपट तापली असती. नागपूरला पहिल्याच दिवशी कापूस जळला असता, दुसरी घातली असती तीही जळली असती, वीसच्या वीस. आणि टपऱ्या काय, नागपुरातही असतातच. बोटाला तार ताठ लागली होती, म्हणजे हाताने मला सांगितलं होतं. मीच रिळावरच्या नंबराचं ऐकलं.

एवढ्यात मला त्या दुसऱ्या दोघांची आठवण झाली. एकाचं यंत्र चांगलं होतं, गडबड असली तर आपोआप बंद पडणारं. त्याला निलेशने फोन करून सांगितलं. दुसरा रोहन म्हणून इंजिनिअरिंगचा मुलगा. त्याच्याकडे नुसती पितळी नळी, आत बॅटरी आणि वर कॉईल. मधे अडवणारं काही नाही. आणि त्याला मी डबल कॉईल करून दिली होती. रोहन फोन उचलेना.

निलेश म्हणाला, "बसा मावशी गाडीवर." आयुष्यात मी मोटारसायकलवर एवढ्या जोरात गेलेली नाही. रोहन राहायचा त्या इमारतीचा सहावा मजला, दार उघडायला त्याने इतका वेळ लावला की मी दारावर दोन्ही हातांनी थापा मारत होते. डोळे चोळत समोर आला. "मावशी? तुम्ही घरी?"

"ती नळी कुठाय?"

"गादीवर असेल. का? काल जाम गरम होत होती, हातात धरवत नव्हती. मी बोललो, आज मावशींनी कडक बसवलीये."

निलेशने नळी उघडून बॅटरी काढली. तिच्यावरचं प्लॅस्टिकचं वेष्टन आकसून फाटलं होतं. आणखी थोडी दाबली गेली असती तर काय झालं असतं, ते मी लिहीत नाही. त्याच्या आईचा फोटो टेबलावर होता. मी त्या पोराच्या गादीवरच बसले आणि पाणी मागितलं. त्याला वाटलं, मला जिने चढून दम लागला. लिफ्ट होती, हे त्याच्या लक्षातही आलं नाही.

परत आलो तर पेठे साहेब दुकानातच बसून होते. मी म्हटलं, "साहेब, चुकले. तुमच्यावर उगाच चढले."

"आमच्याकडे नियम होता, बाई," ते म्हणाले. "स्वतःचं ड्रॉइंग स्वतः तपासायचं नाही. डोळ्यांना आपली चूक दिसत नाही. तुम्हाला कुणी तपासणारंच ठेवलं नाही, त्यात तुमचा काय दोष?"

हे त्यांनी मला बरं वाटावं म्हणून म्हटलं. दोष माझाच होता.

एव्हाना त्यांच्या गाडीची वेळ होत आली होती, पुन्हा वीस करायला वेळ नव्हता. साहेबांनी मागच्या पानावर गणित मांडलं. याच जाड तारेचे नऊऐवजी बारा वेढे घेतले की जमतं. मी तिथल्या तिथे एक करून मीटरवर लावली, जवळजवळ बरोबर आली. म्हणाले, "मग हे रीळच द्या मला. मी तिकडे करीन."

"अहो, तुमचा हात…"

"वेळ आहे मला. बाळंतपणाला गेलेल्या म्हाताऱ्याला तिथे काम काय असतं?"

मी रीळ दिलं, कापूस दिला, स्क्रू-ड्रायव्हर दिला. ते रिक्षात बसले. पाऊण तासाला एक कॉईल करणारा, थरथरत्या हाताचा माणूस माझ्यामुळे स्वतःच्या भरवशावर चालला होता. मी त्या दिवशी दुकानात दुसरी कॉईल केली नाही. त्यानंतर जी केली ती प्रत्येक मीटरवर लावूनच दिली. पोरं म्हणायची, "मावशी, तुमी पण?" मी म्हणायचे, मी पण.

महिना व्हायच्या आतच बंदी आली. निलेशने बातमी ऐकली आणि त्याच दुपारी शटर ओढलं. "सरकारनी सांगितला बंद, तं बंद. आपल्याला कोर्टाच्या पायऱ्या चढाच्या नाय." आता तिथे त्याची बायको केकचं सामान विकते, आणि जोरात चालतं. मी घरी बसले. शेजाऱ्यांच्या इस्त्र्या दुरुस्त करते, मीटर लावून.

पण पेठे साहेब मनातून जाईनात. बंदी आली म्हणजे नागपुरात त्यांचा ज्यूस संपला की दुसरा मिळणार नाही. मुदत भरत आलेली. माझ्या वहीत त्यांचा नंबर होता, चार-पाचदा मोबाइल हातात घेतला. पण विचारणार काय? बोट आहे का, असं कुणाला विचारतात? उत्तर 'नाही' आलं तर पुढे काय बोलायचं? फोन काही केला नाही.

ते आले ते एकदम तीन-चार महिन्यांनी, दोघंही, पेढे घेऊन. नात झाली होती. निलेशकडून पत्ता घेतला म्हणाले. दारात बूट काढून आत आले, पायात मोजे होते. चालताना काही कळेना. मी चहा टाकला, बाळाचे फोटो बघितले, नाक कुणावर गेलंय ते ठरवलं. माझं निम्मं लक्ष खाली होतं. विचारायची हिंमत होत नव्हती.

वहिनीच सांगायला लागल्या. "अहो शालनताई, तिकडे गंमत झाली. पहिल्याच आठवड्यात ह्यांची कॉईल गेली. बसले नवीन करायला. तुम्हाला माहितीये, ह्यांचा हात. तार सुटतेय, पुन्हा गुंडाळतायत. तासभर ते चाललं. झाली एकदाची, मीटरवर लावली, वहीत लिहिलं, आणि मला म्हणाले, 'चहा कर गं.' ओढायचं विसरलेच."

"विसरलो नाही," साहेब म्हणाले. "तलफ आली होती म्हणून तर बसलो होतो. पण होईपर्यंत ती निघून गेली. मग मी तेच करायला लागलो. तलफ आली की कॉईल करायला बसायचं. चांगली झाली तरी मोडायची आणि परत करायची. ज्यूस संपला तेही मला दोन दिवसांनी कळलं."

मी चहाचा कप खाली ठेवला. माझ्या डोक्यात त्या वीस कॉईल आल्या. दोन स्क्रू कसले की झालं, असं मीच म्हणाले होते. माझी कॉईल कामाला आली असती तर दोन मिनिटांत तयार झाली असती, आणि दोन मिनिटांत त्यांनी ओढली असती. त्यांना चांगली कॉईल नकोच होती. त्यांना पाऊण तास हवा होता, आणि तो मी तीन मिनिटांत उरकून देत होते. माझ्या चुकीचं भांडवल मी करणार नाही, तिच्यापायी एका पोराचं काय झालं असतं ते मला माहीत आहे. पण पैसे फेका आणि जाणत्याकडून करून घ्या, हे मी त्यानंतर कुणाला छातीठोकपणे सांगितलेलं नाही.

हे सगळं ऐकूनही मी विचारलं नाही. वहिनींच्या लक्षात आलं असावं. त्या साहेबांना म्हणाल्या, "अहो, दाखवा की त्यांना. बिचारी केव्हाची खाली बघतेय."

साहेबांनी खुर्चीत वाकून डावा मोजा काढला. नख गेलेलं होतं, कातडी खरखरीत, पण रंग माणसाच्या पायाचा होता. मी चष्मा लावला, जमिनीवर बसले आणि बोट लावून बोटं मोजली. मग खात्रीसाठी दुसऱ्यांदा मोजली.

पाच.